बर्फाविना हिवाळा

लाकडाच्या दोन लांब, निमुळत्या फळ्या पायांना बांधाव्यात, दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात आणि बर्फाने मढलेल्या डोंगराच्या माथ्यावरून वाऱ्याच्या वेगाने खाली घसरत यावे, या खेळाला स्कीइंग म्हणतात. ‘स्की’ हा शब्द नॉर्वे देशाकडचा. त्याचा मूळ अर्थ लाकडाची चिरफळी. आरंभी हा खेळ नव्हताच. बर्फात बुडालेल्या खेड्यांतील माणसांना शेजारच्या वस्तीवर जावयाचे असे, शिकाऱ्यांना जनावरांचा माग काढावयाचा असे. नुसत्या पायांनी चालू गेल्यास माणूस मांडीपर्यंत रुतावयाचा, म्हणून काढलेली ही युक्ती. पुढे गरज मागे पडली आणि मौज तेवढी उरली. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी या गावी पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा त्यांत या खेळालाही स्थान मिळाले. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग व उत्तराखंडातील औली ही ठिकाणे त्यासाठी नावाजलेली आहेत. गुलमर्ग येथे तर १९६८ सालापासून हा खेळ शिकविणारी सरकारी संस्था आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर बर्फ पडत नाही. पण बर्फाची ओढ मात्र येथेही पुष्कळांना असते. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस दौंडच्या वाटेनेच उत्तरेकडे वळते. डिसेंबर महिना उजाडला की या गाडीत रजा संपवून ठाण्यावर परतणारे जवान असतात, तशीच लोकरी टोप्या आणि जाड कोट पिशव्यांत भरून निघालेली हौशी कुटुंबेही असतात. जवानांना त्या बर्फाचे कौतुक फारसे नसते.

२०२३ साली शिरूर तालुक्यातील एका खेड्यातील शेतकरी कुटुंबाने नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जाण्याचा बेत केला होता. घरात सातवीत शिकणारा मुलगा आणि पाचवीतील त्याची बहीण. खरिपाचा कांदा चांगला निघाला तर जाऊ, असे वडिलांनी दिवाळीत सांगितले होते. ‘तर’ या शब्दाकडे मुलांनी लक्ष दिले नाही, हे त्यांच्या वयाला साजेसेच झाले. त्यांनी लगेच तयारी आरंभिली. कालव्याच्या भरावाला मुरमाचा एक उतार होता. खताचे रिकामे पोते बुडाखाली घेऊन त्या उतारावरून ती दोघे दररोज सायंकाळी घसरत. कोपरे सोलून निघत, चड्ड्यांना ठिगळे लागत. पण बर्फावर तोल कसा सांभाळावयाचा हे आपणांस आता उमगले, अशी मुलाची खात्री झाली होती.

त्या वर्षीचा पावसाळा उणा गेला. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते झाले की उरलेसुरले ते इकडे यावयाचे. चांगल्या वर्षीही येथील माणूस पावसाला हक्काने मागत नाही, पाहुण्याची वाट पाहावी तशी त्याची वाट पाहतो. त्या साली विहिरी मार्गशीर्षातच तळ दाखवू लागल्या. तरीही कांदा निघाला होता. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी देशातून कांद्याची निर्यात बंद झाली आणि बाजारातील भाव झपाट्याने उतरले. वडील बाजारातून परत आले, त्यांनी बैठकीत टोपी काढून ठेवली आणि हिशेबाची चिठ्ठी न उलगडताच खिशात ठेवून दिली. त्या रात्री गुलमर्गचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीने मात्र विचारलेच, तेव्हा आई म्हणाली, “आत्याकडे दौंडला जा. दादा आहे तिथं, फिरवील तुम्हांला.”

हा दादा म्हणजे आत्याचा मुलगा. आत्याचे यजमान रेल्वेत नोकरीला. दादा महाविद्यालयात शिकत होता, आणि पक्षी पाहण्याचे त्याला वेड होते. वेड हा शब्द त्याच्या आईचा. पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत, चिखलात तासन् तास बसून राहणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणावे, असे ती म्हणे. आणि तरीही त्याच्यासाठी भाकरी बांधून देई.

त्या हिवाळ्यात सुट्ट्यांचा योग मोठा चांगला आला होता. नाताळ, संक्रांत आणि शिवजयंती हे तिन्ही दिवस सोमवारी आले आणि २६ जानेवारी शुक्रवारी आली. रविवारला जोडून सुट्टी मिळाली की शिरूरच्या मुलांना एस. टी. ने दौंड गाठता येई. शिरूरचे जुने नाव घोडनदी. ती घोड नदी शिरूरवरून वाहत जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. म्हणजे मुलांच्या आधीच त्यांच्या गावचे पाणी आत्याच्या गावी पोहोचत असे. अर्थात त्या वर्षी ते पाणी फारसे नव्हते.

पहिल्या सुट्टीत दादाच इकडे आला. टाकळी हाजी येथे कुकडी नदीच्या खडकाळ पात्रात पाण्यासंगे गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरून काढलेले रांजणखळगे आहेत. ते पाहून झाले. शेतात आगटी पेटवून ज्वारीचा हुरडा खाल्ला गेला. मुलांचे मन मात्र रमले नाही. हुरडा दरवर्षीचाच होता. इतक्यात शेजारच्या ज्वारीवर गुलाबी-काळ्या पाखरांचा एक प्रचंड थवा उतरला. माळ्यावरच्या म्हाताऱ्याने आरोळी ठोकली, गोफण भिरभिरली आणि थवा एखादे घोंगडे झटकावे तसा उठून दुसऱ्या शेतात गेला. या भोरड्या. मुलांनी त्या जन्मापासून पाहिल्या होत्या. “ह्या कुठून येतात, माहीत आहे का?” दादाने विचारले. मुलांना वाटले, असतील पलीकडच्या माळावरच्या. दादाने सांगितले की, भोरड्यांची घरटी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात आणि पूर्व युरोपात असतात. उन्हाळ्यात तिकडे त्या टोळ खाऊन शेतकऱ्यांचे भले करतात आणि हिवाळ्यात इकडे ज्वारी खाऊन त्याची भरपाई करतात. मुलगा हसला, पण त्याची नजर थव्यावरून हलली नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत दोघे भावंडे दौंडला गेली. दौंडच्या पूर्वेस भीमेचे रूप पालटते. सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हापासून धरणाचे पाणी मागे मागे सरत दौंड तालुक्यापर्यंत पसरते. या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. भर पावसाळ्यानंतर तो खरोखर सागरासारखा दिसतो. पुढे पाणी शेतीसाठी सुटू लागले की काठ उघडे पडतात, आणि त्या उथळ, गाळाच्या काठांवर किडे, शिंपले, मासे व कोवळे गवत यांची मेजवानी मांडली जाते. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या परिसरात हिवाळ्यात पक्ष्यांची जी जत्रा भरते, ती या मेजवानीसाठी. २०२३ मध्ये धरण भरले नव्हते. त्यामुळे इतर वर्षी फाल्गुनात दिसणारे काठ त्या वर्षी पौषातच उघडे पडले होते.

पहाटेच्या पहिल्या एस. टी. ने तिघे भिगवणला उतरून पाण्याकडे चालत गेले. धुके होते. पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते, ते कळत नव्हते. प्रथम ऐकू आला तो आवाज: दूरवर जुन्या मोटारींचे भोंगे एकामागून एक वाजावेत तसा. मग धुक्यातून बाणाच्या टोकासारखी एक रांग आली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. पाय पुढे काढून, पंख फुलवून ते पक्षी गाळावर उतरले. राखाडी, भारदस्त देह. पांढरे शुभ्र मस्तक आणि त्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, जणू कोणी काजळाचे बोट दोनदा ओढले आहे. यांना पट्टकदंब म्हणतात. तेथील लोक नुसते राजहंस म्हणतात.

“हे बर्फाकडून आलेत,” दादा हळूच म्हणाला.

लडाख, तिबेट, मंगोलिया येथील उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी या हंसांची घरटी असतात. तेथील पाणी गोठण्याच्या सुमारास ते दक्षिणेकडे निघतात, आणि त्यांच्या वाटेत हिमालय आडवा येतो. पूर्वी लोकांची समजूत अशी होती की, वाऱ्याच्या पाठबळावर ते सहज शिखरे ओलांडत असावेत. शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून त्यांचा माग घेतला, त्याचे निष्कर्ष २०११ पासून पुढे प्रसिद्ध झाले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. हे हंस घारीसारखे पंख पसरून तरंगत नाहीत. सारा प्रवास ते पंख मारीतच करतात. शक्य तेथे दऱ्याखोऱ्यांच्या कुशीतून जातात, डोंगर चढला की वर चढतात, उतरला की खाली उतरतात. रात्री व पहाटे हवा थंड आणि दाट असते, पंखांना तिचा आधार अधिक मिळतो, म्हणून पुष्कळदा त्याच वेळी उडतात. तरीही काहींची उंची ७,००० मीटरांच्या वर गेल्याची नोंद झाली. त्या उंचीवर माणसाला चार पावले टाकावयाची तर दम लागतो. हंसाच्या रक्ताला विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेण्याची विशेष शक्ती असते, आणि त्याचा श्वास खोल असतो. एवढ्या सामग्रीवर तो हा घाट चढतो.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “दादा, हे घसरत नाहीत का बर्फावरून?” धाकटी खो खो हसली. दादा हसला नाही. तो म्हणाला, “त्यांना बर्फ टाळायचं असतं. बर्फ पडलं की खायला काय राहतं?”

बर्फाचा असाही विचार करता येतो, हे मुलाला त्या सकाळी प्रथमच सुचले असावे. परतताना त्याने दादाच्या मोबाईलवर गुलमर्गची छायाचित्रे पाहावयास मागितली. छायाचित्रे ताजी होती, आणि ती पाहून तो चकित झाला. डोंगर तपकिरी होते. उतारांवर वाळके गवत दिसत होते. त्या हिवाळ्यात काश्मीरमध्येही आकाश कोरडे राहिले होते. २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांना तिकडे ‘चिल्लई कलान’ म्हणतात. याच दिवसांत पडलेले बर्फ डोंगरावर साठून राहते आणि उन्हाळ्यात नद्यांना पाणी पुरविते. त्या वर्षी जानेवारी अर्धा उलटला तरी गुलमर्गचे उतार उघडे होते. हौशी लोकांनी आपले बेत रद्द केले. परंतु लाकडी घसरगाड्या ओढणारी, पाहुण्यांना हात धरून बर्फावर उभे राहावयास शिकविणारी जी माणसे त्या चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढतात, त्यांना बेत रद्द करण्याची सोय कोठून असणार?

“म्हणजे आपण गेलो असतो तर फुकटच गेलो असतो!” धाकटी आनंदाने म्हणाली. मुलाला मात्र आनंद झाला नाही. त्याला बैठकीत ठेवलेली वडिलांची टोपी आठवली.

२६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून मुले पुन्हा निघाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाबरोबर कुंभारगावच्या काठावर हजर झाली. या वेळी रोहित पाहावयाचे होते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. उंच गुलाबी पाय, नागमोडी मान आणि पंख उघडताच आतून ज्वाळेसारखा उमटणारा लाल रंग, म्हणून त्यास अग्निपंख असेही म्हणतात. त्याची चोच मधोमध वाकलेली असते. ती उलटी करून तो पाण्यात बुडवितो, आणि जिभेने पाणी आतबाहेर करीत त्यातील शेवाळ व बारीक जीव गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिले जन्मतात ती राखाडी असतात. कच्छच्या रणात या पक्ष्यांची मोठी वीण होते.

काठावर सुट्टीमुळे गर्दी उसळली होती. नावाड्यांची धांदल चालू होती. हे नावाडी बहुतेक मच्छीमार. पहाटे जाळे, दिवसा पाहुणे. एका नावेभोवती बोलाचाली चालली होती. मोठाले कॅमेरे गळ्यात अडकविलेली चार-पाच माणसे नावाड्याला सांगत होती की, नाव सरळ थव्यात घालावी, म्हणजे सगळे एकदम उडतील आणि छायाचित्र चांगले येईल. वरती पैसे देऊ. नावाडी चाळिशी उलटलेला, काटक माणूस. त्याने मान हलविली. “तेवढं सोडून सांगा, साहेब.” माणसे कुरकुरत दुसऱ्या नावेकडे गेली. सुट्टीच्या ऐन सकाळी त्याची नाव रिकामी राहिली. दादाच्या खिशात अर्ध्या भाड्याचेच पैसे होते. तो दबकत पुढे झाला. नावाड्याने दोन्ही मुलांकडे पाहिले आणि म्हणाला, “बसा. पण वरडायचं न्हाई.”

काही अंतर गेल्यावर त्याने इंजिन बंद केले आणि लांब बांबूने नाव ढकलू लागला. पाणी गुडघाभरच असावे. वाटेत चक्रवाकांची नारिंगी जोडपी दिसली. दिवसा सोबत आणि रात्री वियोग, असे जुन्या कवींनी ज्यांच्या नशिबी लिहिले, तेच हे. पक्षीशास्त्राला त्या वियोगाचा पुरावा सापडत नाही. पण तेही लडाख-तिबेटच्या थंडीतून आलेले असतात, एवढे खरे. पुढे पाण्यातून एका बांधकामाचा दगडी कोपरा वर आलेला होता. त्यावर एक पाणकावळा पंख वाळवीत बसला होता.

“काका, ते काय आहे?” मुलाने विचारले.

“घर आसंल कुणाचं तरी. गाव व्हतं हितं.” नावाडी बांबू रोवीत म्हणाला. “आमचं जुनं गाव त्या तिकडं, मधे. धरण झालं तवा मी पाळण्यात व्हतो. आई सांगायची, सोप्याला चांगला सागाचा खांब व्हता.”

तो पुढे काही बोलला नाही. या पाण्याखाली भीमेकाठची अनेक गावे गेली आहेत. पाणी फार उतरले की पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर बाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते असेच वर आले, तेव्हा दूरदूरचे लोक ते पाहावयास लोटले. त्यांच्यात ज्यांची घरे त्या मंदिराशेजारी होती असे म्हातारेही होते. त्यांनी बरोबर कॅमेरे आणले नव्हते.

रोहितांचा थवा आता स्पष्ट दिसू लागला. शेकडो माना खाली वाकलेल्या. त्यांच्या कुजबुजीचा एकच गुंजारव येत होता. धाकटीला राहवेना. “काका, थोडी जवळ घ्या ना! उडाले की किती छान दिसतील!”

“उडवायचं न्हाई, बाळ,” नावाडी म्हणाला. “जेवायला बसल्यालं माणूस कुणी उठवतं का? सकाळधरनं धा नावा जात्यात. धा वेळा उठवलं, तर खाणार कवा? मग म्होरल्या साली कशाला यील?”

त्याच वेळी पलीकडून इंजिनाचा फटफटाट आला. दुसरी नाव थव्याच्या अंगावर चालली होती. माना वर झाल्या, पक्षी पाण्यावर धावू लागले आणि सारा थवा एकदम आकाशात उठला. लाल, काळे, पांढरे पंख उन्हात असे झळाळले की धाकटीच्या तोंडून नकळत “अय्या!” निघाले. दृश्य विलक्षण सुंदर होते, हे नाकारता येणार नाही. नावेतील माणसे टाळ्या पिटीत होती. थवा घिरट्या घालीत राहिला, दोनदा खाली येऊ लागला, दोनदा पुन्हा वर गेला आणि अखेरीस दूर, खोल पाण्याच्या बाजूस दिसेनासा झाला. मागे गढूळ पाणी आणि काही गुलाबी पिसे राहिली. धाकटीने एक पीस उचलले, न्याहाळले आणि परत पाण्यावर सोडून दिले. नावाडी नाव वळवीत होता. उतरताना दादाने पैसे पुढे केले, ते त्याने न मोजता कनवटीला लावले.

याच सुमारास काश्मीरमध्ये बर्फ पडू लागले. जानेवारीच्या अखेरीस गुलमर्ग पांढरे झाले आणि २१ ते २५ फेब्रुवारी या काळात खेलो इंडियाचे हिवाळी सामनेही तेथे पार पडले. शिवजयंतीच्या सुट्टीत मुले दौंडला आली तेव्हा त्यांनी ही बातमी आपण होऊन दादाला सांगितली. “आता घसरगाड्यावाल्यांना काम मिळेल,” मुलगा म्हणाला. गुलमर्गला जाण्याची गोष्ट त्याने काढली नाही. त्या वेळी त्याच्याजवळ एक वही होती. तीत भोरड्या, पट्टकदंब, चक्रवाक, रोहित, शेकाट्या अशी नावे, तारखा आणि मोजलेले आकडे होते. पट्टकदंबांचे आकडे वाढत जाऊन आता घटू लागले होते.

जलाशयाचे पाणी बरेच मागे हटले होते. उघड्या गाळात काठचे शेतकरी बी टाकू लागले होते. या पेरणीला गाळपेर म्हणतात. जेथे पौषात हंस चरत होते, तेथे फाल्गुनात कोवळी रोपे डोलू लागली. रोहित आणखी आत, पाण्याच्या मागोमाग सरकले होते.

मार्चच्या मध्यावर एका सायंकाळी दादाचा निरोप आला की, आज पाण्यावर एकही राजहंस नाही. रात्री निघाले असावेत. मुलगा तेव्हा वडिलांबरोबर कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत होता. विहिरीला पाणी कमी, म्हणून एकेक वाफा पुरवून पुरवून भिजवावा लागत होता. धाकटी बांधावरून धावत निरोप घेऊन आली आणि तिने विचारले, “मग तिकडं आता बर्फ असेल का रे?”

“वितळायला लागलं असेल,” तो म्हणाला. “वितळल्याशिवाय त्यांना घरटं करता येत नाही.” आणि वाफा भरला होता म्हणून त्याने खोऱ्याने दारे मोडून पाणी पुढच्या सरीला लावले.